रात्री दाढ ठणकू लागली तर: दंतवैद्याकडे पोहोचेपर्यंत काय करायचं आणि का

रात्रीचे दोन वाजून गेले होते. घर गाढ झोपलेलं आणि मी गालाला हात लावून खोलीत येरझाऱ्या घालत होते. डावीकडची खालची दाढ. संध्याकाळी नुसती कुरकुर होती, पण अंथरुणाला पाठ टेकली आणि ठणका सुरू झाला. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला एक कळ, आधी कानात आणि तिथून थेट मस्तकात. उठून बसलं की जरा हलकं वाटायचं. म्हणून पुन्हा आडवं व्हावं, तर पुन्हा तेच.

ज्यांची आज अशी रात्र आहे त्यांना लांबलचक वाचायचं भान नसणार, म्हणून कामाचं आधी सांगते. दोन-तीन उश्या घेऊन डोकं उंच ठेवा, सपाट झोपू नका. दातांच्या फटीत काही अडकलं असेल तर फ्लॉसच्या दोऱ्याने हलक्या हाताने काढा. कोमट पाण्यात मीठ घालून गुळणी करा. कापडात गुंडाळलेला बर्फ बाहेरून गालावर धरा. पोटाचा अल्सर, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार, दमा, गर्भारपण यांतलं काही नसेल आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू नसतील, तर काहीतरी खाऊन आयबुप्रोफेन घेता येईल. यांतलं काही असेल तर पॅरासिटामॉल. आणि उजाडल्यावर पहिलं काम दंतवैद्याची वेळ घेण्याचं. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे पसरत असेल, तोंड उघडत नसेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर मात्र उजाडायची वाट पाहू नका, आत्ताच रुग्णालयात जा.

आता हे सगळं का, ते सांगते. कारण एकदा कळलं की काय करायचं आणि काय टाळायचं याची यादी पाठ करावी लागत नाही.

कठीण भिंती, आत कोवळा गर

दाताचं वरचं पांढरं कवच, म्हणजे इनॅमल, हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. त्यात संवेदना मुळीच नसते. त्याखाली डेंटिन नावाचा पिवळसर थर असतो. तो दिसायला घट्ट, पण त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक नळ्या असतात, एका चौरस मिलिमीटरमध्ये हजारोंनी, आणि त्या द्रवाने भरलेल्या असतात. दात झिजला किंवा किडला आणि या नळ्या उघड्या पडल्या, की गार पाण्याने त्यांतला द्रव हलतो, नस चाळवते आणि सणक जाते. सगळ्यात आत असतो गर, दंतवैद्यांच्या भाषेत पल्प. रक्तवाहिन्या आणि नसा यांचा हा मऊ पुंजका मुळाच्या टोकाशी असलेल्या बारीकशा छिद्रातून बाकी शरीराशी जोडलेला असतो. आपण ‘दाताची नस दुखतेय’ म्हणतो ती इथली.

बोटाला लागलं की बोट सुजतं, टम्म होतं, कारण कातडी ताणली जाते. दाताच्या आतल्या गराला सुजायला जागाच नाही. चारी बाजूंनी कठीण भिंती. रक्त जास्त येऊ लागतं, द्रव साचतो, दाब वाढतो आणि तो सगळा त्या इवल्याशा नसेवर पडतो. दातदुखी एवढी जीवघेणी का असते, याचं उत्तर या कोंडलेल्या सुजेत आहे. घरच्या बहुतेक उपायांचं मर्मही त्यातच आहे. जे केल्याने हा दाब किंवा सूज थोडी उतरते ते उपयोगी, आणि जे केल्याने तिकडे रक्त वाढतं ते त्रासाचं.

म्हणूनच आडवं पडलं की ठणका वाढतो. बसलेलो असताना डोकं हृदयाच्या वर असतं. झोपलो की दोन्ही एका पातळीवर येतात आणि डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो. निरोगी दाताला याचा पत्ताही लागत नाही, सुजलेल्या गराला तेवढंच निमित्त पुरतं. एक उशी जास्त घेणं हा उपाय किरकोळ वाटतो, पण त्या रात्री मला सगळ्यात आधी उतार पडला तो भिंतीला टेकून बसल्यावरच.

नेमका कुठला दात दुखतोय हे बोट ठेवून सांगता येत नाही, हाही अनेकांचा अनुभव. कधी कान दुखतो, कधी कानशील, कधी तर खालची दाढ किडलेली असताना वरची दुखल्यासारखी वाटते. चेहरा, वरचे दात आणि खालचे दात या सगळ्यांच्या संवेदना एकाच मोठ्या नसेच्या फांद्यांमधून मेंदूकडे जातात. त्यात गरातल्या नसा ‘दुखतंय’ एवढंच सांगतात, ‘कुठे’ ते नीट सांगत नाहीत. दाताच्या मुळाभोवती मात्र तंतूंचं एक पातळ अस्तर असतं आणि ते फार तल्लख. घासात आलेला वाळूचा कण किंवा केस आपल्याला तत्क्षणी कळतो, तो या अस्तरामुळे. संसर्ग मुळाच्या टोकातून बाहेर पडून या अस्तरापर्यंत पोहोचला की मग ‘हीच ती दाढ’ असं बोट ठेवून सांगता येतं, आणि नुसते दात मिटले तरी जीव जातो. दुखणं असं एका जागी येऊन थांबलं, तर आजार एक पायरी पुढे गेलाय असं समजा.

दुखण्याची तऱ्हा काय सांगते

गार पाणी लागलं, सणक गेली आणि दोन-चार सेकंदांत सगळं शांत झालं, तर गर बहुधा अजून वाचण्यासारखा असतो. कीड काढून दात भरला की काम भागू शकतं. सणक गेली आणि अर्धा मिनिट, मिनिटभर रेंगाळत राहिली, किंवा काहीच न लागता दात आपोआप ठणकू लागला, झोपेतून उठवू लागला, तर गर आता पूर्ववत होण्याच्या पलीकडे गेलेला असतो. त्यातही एक विचित्र टप्पा येतो. गरम चहाने कळ उठते आणि गार पाण्याची चूळ तोंडात धरली की बरं वाटतं. माणसं मग रात्रभर तांब्या उशाशी घेऊन बसतात. हा टप्पा आला असेल तर दिवस मोजत बसू नका. दोनच मार्ग उरलेले असतात, रूट कॅनाल किंवा दात काढणं, आणि यांतला पहिला मार्ग उशीर केल्याने हातचा जाऊ शकतो.

चावताना नव्हे तर चावून दात सोडताना कळ येत असेल, तर दाताला तडा असण्याची शक्यता असते. हा तडा आरशात तर दिसत नाहीच, कधीकधी एक्स-रेमध्येही दिसत नाही, म्हणून डॉक्टरांना हे मुद्दाम सांगा. सतरा ते पंचविशीच्या वयात अगदी मागे दुखत असेल, हिरडी सुजली असेल, तर अर्धवट वर आलेली अक्कलदाढ आणि तिच्यावरच्या हिरडीच्या पदराखाली अडकलेले अन्नकण हे नेहमीचं कारण. तिथे मिठाच्या पाण्याच्या गुळण्या खरोखर कामाला येतात.

दाताला ‘कीड लागली’ असं आपण म्हणतो, आणि खरंच दातात किडा असतो असं जगभरात हजारो वर्षं मानलं जायचं. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली आपल्या ग्रंथात, सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनही असा किडा सापडला नाही, असं लिहिलं. पुढे १८९० साली विलोबी मिलर या संशोधकाने खरं कारण मांडलं: तोंडातले जिवाणू साखर आणि पिठूळ पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात दात विरघळतो. त्यामुळे धुरी देऊन, कानात काही घालून ‘किडा पाडणारे’ कुणी भेटले तर त्यांच्यापासून लांब राहा. पडायला आत किडाच नसतो.

गोळी कुठली आणि किती

दुखावलेल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार करतात. ती सूज वाढवतात आणि नसा अधिक हळव्या करतात. ॲस्पिरिनसारखी औषधं नेमकी ही निर्मिती अडवतात, हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ साली दाखवलं आणि १९८२ चं नोबेल त्यांना ज्या कामासाठी विभागून मिळालं, त्यात हाही शोध होता. आयबुप्रोफेन याच घराण्यातलं. दुखणं सुजेतून येत असल्यामुळे सूज उतरवणारी गोळी दातदुखीवर जास्त लागू पडते. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०२४ च्या मार्गदर्शनातही लगेच दंतोपचार मिळत नसेल तर पहिली निवड हीच सांगितली आहे: प्रौढांसाठी आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, एकटं किंवा सोबत पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम. या दोन गोळ्या वेगवेगळ्या वाटेने काम करतात, म्हणून एकत्र घेतल्यावर जास्त आराम पडतो.

आयबुप्रोफेन रिकाम्या पोटी घेऊ नका. दोन मात्रांमध्ये ६ ते ८ तास जाऊ द्या, आणि डॉक्टरांना न विचारता दिवसाला १२०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नका. पॅरासिटामॉलच्या दोन मात्रांत किमान ४ ते ६ तासांचं अंतर हवं आणि निरोगी प्रौढानेही २४ तासांत ४ ग्रॅम ओलांडायचे नाहीत. अंगाने बारीक असाल, रोज दारू घेत असाल किंवा यकृताचा त्रास असेल तर मर्यादा याहून बरीच खाली येते, तेव्हा आधी विचारा. इथे एक फसगत हमखास होते. सर्दी-तापाच्या कितीतरी गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल आधीच घातलेलं असतं. दुखतंय म्हणून एक, सर्दी म्हणून दुसरी, झोप येत नाही म्हणून परत एक, असं करत करत मात्रा कुठल्या कुठे जाते, आणि यकृताला झालेली इजा सुरुवातीचा एखादा दिवस जाणवतही नाही. पाकिटावरची घटकांची ओळ वाचा. शेवटची गोळी किती वाजता घेतली ते कागदावर लिहून ठेवा, कारण वेदनेत आणि जागरणात वेळेचा अंदाज राहत नाही.

आयबुप्रोफेन कुणी टाळायचं ते वर सांगितलंच. गर्भारपणात, विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर, ते डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. तिथे पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून. पण गरोदर आहे म्हणून दातांचे उपचारच बाळंतपणानंतर करू, असं करू नका. दातांवरचे उपचार गर्भारपणात करता येतात, आणि पू साठू देणं हे उपचारापेक्षा जास्त धोक्याचं. लहान मुलांची मात्रा वयापेक्षा वजनावर ठरते. मोठ्यांची गोळी मोडून अंदाजाने देऊ नका, आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना ॲस्पिरिन मुळीच नको, त्यातून मेंदूवर आणि यकृतावर आघात करणारा दुर्मिळ पण गंभीर आजार होऊ शकतो.

ॲस्पिरिनवरून आठवलं. माझ्या आत्याने एकदा ॲस्पिरिनची गोळी दुखऱ्या दाढेशी, गालाच्या आत दाबून ठेवली होती. ‘गिळून पोटात कशाला, दुखतंय तिथेच लावू’ असा तिचा हिशेब. सकाळी गालाच्या आतला भाग दुधावरच्या सायीसारखा पांढरा पडलेला, जीभ लागली तरी आग होत होती, आणि दाढ होती तशीच ठणकत होती. ॲस्पिरिन हे आम्ल आहे, ते हिरडी भाजतं. आणि ही गोळी रक्तात जाऊनच काम करते, दाढेजवळ ठेवून तिला काहीच करता येत नाही.

अँटिबायोटिकबद्दल मला कळकळीने सांगायचंय. घरात उरलेल्या दोन-चार कॅप्सूल दातदुखीवर घेणं ही सवय फार पसरलेली आहे आणि ती सोडायला हवी. औषध रक्तातून जातं. सडलेल्या, मेलेल्या गरात रक्तच पोहोचत नाही, मग औषध पोहोचणार कसं? अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ साली स्पष्ट सांगितलं की, प्रतिकारशक्ती ठीक असलेल्या प्रौढांच्या बहुतेक दातदुखीवर अँटिबायोटिक देऊ नये, दातावर प्रत्यक्ष उपचार करावा. ताप, पसरणारी सूज असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही निर्णय डॉक्टरांचा. अर्धवट घेतलेल्या कॅप्सूलने दाढ तर बरी होत नाहीच, वर औषधाला न जुमानणारे जिवाणू तेवढे पोसले जातात.

लवंगेचं तेल, मीठ आणि बर्फ

लवंगेचं तेल म्हणजे नुसती समजूत नव्हे. त्यातला युजेनॉल हा घटक नसांना खरोखर बधिर करतो. दंतवैद्याच्या दवाखान्यात शिरताच जो एक ओळखीचा वास येतो, तो पुष्कळदा याचाच, कारण झिंक ऑक्साईडमध्ये युजेनॉल कालवून दात तात्पुरता भरायचं मिश्रण बनवतात. पण ते लावायची एक रीत आहे. कापसाचा बोळा तेलात बुडवून दातावर कोंबला की तेल ओघळून हिरडीवर आणि जिभेवर जातं आणि तिथली कातडी भाजते. त्यापेक्षा चमचाभर खायच्या तेलात लवंगेच्या तेलाचे एक-दोन थेंब मिसळा. काडीच्या टोकाला कापसाची गहूभर गुंडाळी करा, ती या तेलात टेकवून कागदावर दाबून निथळा, आणि किडीच्या खड्ड्यातच ठेवा. मिनिटभराने काढून थुंका. आराम घटका-दोन घटकांचा असतो, तेवढ्यासाठीच तो घ्यायचा. हे तेल लहान मुलांपासून दूर ठेवा. थोडंसं जरी पोटात गेलं तरी त्यांच्या यकृताला आणि मेंदूला गंभीर अपाय होऊ शकतो.

बेंझोकेन असलेली जेलं औषधांच्या दुकानात मिळतात. दोन वर्षांखालच्या बाळांना, दात येताना हिरड्या शिवशिवतात म्हणूनसुद्धा, ती लावू नका. त्यातून रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद एकाएकी घटू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली अशी उत्पादनं बाळांसाठी विकू नका असं कंपन्यांना बजावलं, ते यामुळेच.

मिठाच्या गुळणीला पेलाभर कोमट पाणी आणि अर्धा चमचा मीठ पुरे. तीसेक सेकंद तोंडात घोळवून थुंकायचं, दिवसातून तीन-चार वेळा. हिरडीतली सूज त्याने थोडी उतरते आणि अडकलेले कण निघतात. दाताच्या आतल्या दुखण्यावर ती फार काही करत नाही, हे मात्र लक्षात असू द्या. पाणी गरम नको, कोमटच.

बर्फ नेहमी बाहेरून, कापडात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटं धरायचा आणि मग थोडी विश्रांती. गाराने रक्तवाहिन्या आकसतात आणि बधिरपणा येतो. सुजेवर शेक द्यायची आपली सवय असते, पण इथे शेक नको. उबेने तिकडे रक्त वाढतं आणि दाबही.

लसूण ठेचून लावणं, दारूचा बोळा ठेवणं, तंबाखू दाढेत धरणं, टाचणीने किंवा सुईने खड्डा कोरणं, हे सगळं टाळा. लसूण आणि दारू हिरडी पोळतात, तंबाखूचे तोटे तर सांगायलाच नकोत, आणि टाचणी कीड काढत नाही, नवी जखम करते.

भरलेलं सिमेंट निघून खड्डा उघडा पडला असेल, तर औषधांच्या दुकानात तात्पुरतं भरायचं मिश्रण मिळतं, ते चार दिवस झाकण म्हणून चालतं. निघालेली कॅप फेकू नका, धुऊन डबीत ठेवा आणि सोबत न्या. घरातल्या चिकट गोंदाने ती बसवायचा मोह आवरा, ती रसायनं तोंडासाठी नसतात. आणि दुखण्याचा विषय निघालाच आहे तर अपघाताचंही सांगून ठेवते. मार लागून पक्का दात मुळासकट बाहेर आला तर तो मुळाकडून धरू नका, घासू नका. मळला असेल तर क्षणभर पाण्याखाली धरा, जमलं तर त्याच जागी बसवा, नाहीतर दुधात बुडवून अर्ध्या-एक तासात दंतवैद्याकडे पोहोचा. दुधाचा दात असेल तर मात्र परत बसवायचा नाही.

दुखणं अचानक थांबलं तर

माझी दाढ तिसऱ्या दिवशी थांबली. दुपारी ठणका होता, संध्याकाळी नाही. गार पाणी पिऊन पाहिलं, काही नाही. एवढा आनंद झाला की मी दंतवैद्याकडे घेतलेली वेळ फोन करून रद्द केली. कामं पडली होती, खर्चही वाचला असं वाटलं. आज वाटतं, त्या संध्याकाळी कुणीतरी मला एवढंच सांगायला हवं होतं, की दाढ बरी झालेली नाही, तिची नस मेली आहे.

कोंडलेल्या सुजेचा दाब एवढा वाढतो की रक्ताचा पुरवठाच तुटतो. गर मरतो, नस मरते, सांगणारंच कुणी उरत नाही. जिवाणू मात्र तिथेच असतात आणि त्यांना आता अडवायला रक्तही नाही. ते सावकाश मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात. कधी हिरडीवर बारीक पुळी येते, फुटते, तोंडात खारट घाणेरडी चव येते आणि परत बरं वाटतं. पुळीतून दाब निघून जातो म्हणून दुखत नाही, एवढंच. माझ्या बाबतीत पुळीही आली नाही. महिनाभराने एका सकाळी उठले तर जबड्याखाली सूज होती, अंगात ताप होता आणि तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. दुखणं अंगावर काढल्याची ती किंमत होती.

सूज तोंडाच्या तळाशी, जिभेखाली पसरली तर जीभ वर उचलली जाते आणि श्वासाची वाट अडते. १८३६ साली विल्हेल्म फॉन लुडविग या जर्मन वैद्याने वर्णन केलेला हा आजार आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो, आणि त्याची सुरुवात बहुतेक वेळा खालच्या एखाद्या किडलेल्या दाढेतून होते. म्हणून ही लक्षणं नीट ध्यानात ठेवा: पसरत जाणारी सूज, गळ्याखाली कडक लागणारा भाग, थुंकीही गिळता न येणं, बोलताना आवाज जाड येणं, तोंड न उघडणं, थंडी वाजून ताप. वरच्या दाताची सूज डोळ्याकडे चढत असेल तर तीही तातडीची. मधुमेह असलेल्यांनी, कर्करोगावरचे उपचार चालू असलेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणाऱ्यांनी तर थोड्या सुजेलाही लगेच दाखवावं.

कधीकधी दुखतात दात पण दोष दातांचा नसतो. सर्दी भरलेली असताना वरच्या तीन-चार दाढा एकदम जड वाटत असतील आणि खाली वाकलं की दुखणं वाढत असेल, तर ते सायनसचं असू शकतं. चेहऱ्याला वारा लागला, दात घासायला गेलं की विजेचा झटका बसावा तशी क्षणभराची कळ येत असेल, तर नसेच्या आजाराची तपासणी हवी. आणि जिना चढताना, घाईत चालताना खालचा जबडा दुखून येत असेल, बसलं की थांबत असेल, सोबत घाम, धाप किंवा छातीत जडपणा असेल, तर ते हृदयाचं दुखणं असू शकतं. तेव्हा लवंग शोधत बसायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं.

दंतवैद्यासमोर बसल्यावर

दुखणं कधी सुरू झालं, गरमाने वाढतं की गाराने, किती वेळ टिकतं, रात्री जाग येते का, चावताना दुखतं की सोडताना, हे घरूनच लिहून न्या. तिथे खुर्चीत बसल्यावर हमखास विसरायला होतं. शेवटची वेदनाशामक गोळी किती वाजता घेतली तेही सांगा. गार लावून दाताची तपासणी करतात तेव्हा गोळीच्या अंमलाखाली उत्तर चुकीचं येऊ शकतं. चालू औषधं, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, आणि ॲलर्जी लपवू नका. मात्र तपासणी आहे म्हणून या नेहमीच्या गोळ्या स्वतःच बंदही करू नका.

इंजेक्शनच्या भीतीने पुष्कळ जण पुढे ढकलत राहतात. त्यांना एवढं सांगते, की फार सुजलेल्या दाढेवर बधिर करायचं औषध कमी चालतं, विशेषतः खालच्या दाढेवर. दंतवैद्याकडे त्यावर आणखी मार्ग असतात, पण लवकर गेलात तर ती वेळ यायची शक्यताच कमी. बधिर झाल्यावरही टोचलं तर हात वर करा, ते थांबतात.

माझ्या दाढेला त्या दिवशी वरून बारीकसं भोक पाडलं आणि महिनाभर आत कोंडलेला पू बाहेर आला. दाब गेला तो क्षण मला बधिर गालातूनही कळला, कुणीतरी मूठ सैल करावी तसा. रूट कॅनालला पुढे आणखी दोन फेऱ्या माराव्या लागल्या, वर कॅप बसली, दाढ अजून जागेवर आहे. घरी आले तेव्हा सूज तशीच होती, तोंडही नीट उघडत नव्हतं. पण त्या रात्री मी एकाच उशीवर आडवी झाले आणि सकाळपर्यंत जाग आली नाही.